डेडस्टॉक

मे महिन्याची एकोणीस. सेहेचाळीस अंश.
कुलरमधलं पाणी दुपारीच संपलंय,
पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा वाटतोय.
सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतलं कॉलेज,
प्राणिशास्त्राची शेवटची खोली,
आणि रजिस्टर उघडून बसलेली मी.
एकतीसला सह्या करून मोकळी होईन.

शालिक गजभिये स्टुलावर चढून एकेक बरणी खाली देतो.
"गांडूळ, तीन नग. जळू, दोन. एकीचं झाकन फुटलं."
मी लिहिते.
नग म्हणताना त्याला काही वाटत नाही. मलाही.

एकतीस वर्षं फळ्यावर तीन चौकटी काढल्या.
पहिलीत समुद्रातले, केसाळ,
वलया-वलयाला वल्ह्यांची जोडी.
दुसरीत गांडूळ, मोजके राठ केस,
पट्टा कुठल्या खंडांवर?
चौदा-पंधरा-सोळा,
पोरं पाढ्यासारखं म्हणत.
तिसरीत जळू.
ही मोजताना फसवते, मी सांगायचे,
वरून पाच वळ्या, आत खंड एकच.
उपाशी राहो की रक्त पिऊन फुगो,
खंड तेहतीसच.
फुटाळ्यावर म्हशी धुणारा हे मोजत बसत नाही,
तो मिठाची चिमूट टाकतो.

मग कधीतरी, माझे केस पिकत असताना,
कुणी पेशींच्या आतली अक्षरं वाचली
आणि माझ्या रेघा पुसल्या.
जळू निघाली गांडुळाच्याच घरातली.
गांडूळ निघालं त्या केसाळ समुद्रवाल्यांचं,
वल्ही टाकून मातीत नांदायला गेलेलं.
म्हणजे पहिली चौकट सगळ्यांचीच.
परीक्षेत तीन विचारत राहिले,
मी तीन शिकवत राहिले.
याला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

झीरो माइलपासून कुठल्याही दिशेनं निघा,
समुद्र लवकर लागत नाही.
आमचा समुद्र या बरणीत आहे:
मालवण सहल, शहाण्णव. पिवळट. तळाशी थोडी वाळू.

"मॅडम, आमच्या घरामागं नागनदीत
लाल धाग्यावानी हालून रायते, ते कोन होय?"
"यांच्यातलेच."
"गटारातले?"
"गटारातले. डोकं गाळात, शेपटी वर.
तिथूनच श्वास घेतात."
"मंग बराबर हाये," तो म्हणतो.
काय बरोबर आहे ते सांगत नाही.

खालच्या फळीच्या कोपऱ्यातून
तो शेवटची बरणी काढतो. धूळ फुंकतो.
आत भुईमुगाच्या शेंगेएवढा, निबर, गुळगुळीत.
एकही वळी नाही.
चिठ्ठीवर माझंच अक्षर, नोकरीच्या पहिल्या वर्षाचं:
किरकोळ.

आता वाचलंय मी. हा अगदी लहान असतो,
पाण्यात नुसता ठिपका,
तेव्हा त्याच्या मज्जातंतूंत
ओळीनं गाठी पडत जातात, एकीमागून एक,
गांडुळासारख्याच.
मग मोठा होता होता त्या विरघळतात.
कुणाला दाखवायला काही उरत नाही.

"याले कोठी लिवू?"

शालिकचा पगार चोवीस वर्षं
किरकोळ खर्चातून निघतो.
दर अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवतात,
मग नवा आदेश.
ऑफिसात त्याला सेवेतला खंड म्हणतात.

मी ब्लेडनं चिठ्ठी खरवडते.
डिंक जुना, सुटता सुटत नाही,
नखात जातो.
नवीन चिठ्ठी कापून लिहिते: वलयी.

तो बरणी खिडकीकडे धरून बघतो, बराच वेळ.
"वळ्या त दिसूनच नाही रायल्या, मॅडम."
"नाही दिसत."

गांडूळ आणि जळू थोडे सरकवून
तो मधे जागा करतो.
मग टेबल पुसायच्या फडक्यानं
हात पुसत, बोटानं, फळीवरून मोजत जातो:
बारा, तेरा,
चौदा, पंधरा, सोळा.
इथं थांबतो.
आणि चोवीस वर्षं दाराबाहेर उभं राहून
ऐकलेल्या चालीत
पुन्हा एकदा म्हणतो.